गाळाची बखर

वैशाख सरत आला म्हणजे आपल्याकडील गांवोगांवच्या तळ्यांचें पाणी आटतें, तळ उघडा पडतो आणि शेतकरी गाळ उपसून शेतांत नेऊं लागतात. भेगाळलेल्या त्या चिखलाचें एखादें ढेकूळ हातांत घेऊन कोणी त्याची कड निरखून पाहिली, तर तींत एकावर एक बसलेले पातळ पापुद्रे दिसतात. पावसाच्या एकेका लोंढ्यानें आणून टाकलेली माती तेथें क्रमानें बसलेली असते. गाळ म्हणजे काढून टाकावयाची वस्तु, फार तर खताच्या उपयोगाची, एवढीच आपली समजूत. परंतु गेल्या दीडशें वर्षांत कांहीं विद्वानांनीं ह्याच गाळाला प्रश्न विचारले, आणि त्यानें जीं उत्तरें दिलीं तीं कोणत्याही राजाच्या दप्तरांत सांपडलीं नसतीं. श्रोतेहो, आज मला आपणांस ह्या गाळाच्या बखरीविषयीं सांगावयाचें आहे. विशेषतः पृथ्वीच्या दोन्ही टोकांकडील थंड प्रदेशांत ती कशी वाचली गेली, ह्याविषयीं.

ह्या वाचनाचा आरंभ स्वीडन देशांत झाला, आणि त्याच्या कथेंत एका मोठ्या अपघाताला मानाचें स्थान आहे. उत्तर स्वीडनमधील इंडाल्स नदीच्या वाटेवर रागुंडा नांवाचें सुमारें पंचवीस किलोमीटर लांबीचें सरोवर होतें. त्याच्या मुखाशीं नदी एका प्रचंड धबधब्यानें खालीं कोसळत असे. वरच्या अरण्यांत तोडलेले ओंडके नदीच्या प्रवाहांत सोडून समुद्राकडे न्यावे, तर ह्या धबधब्यांत त्यांचा चुराडा होई. म्हणून माग्नुस हुस नांवाच्या व्यापाऱ्यानें धबधब्याला वळसा घालणारा एक कालवा खणण्याचें काम अंगावर घेतलें. कालव्याची वाट वाळूच्या व खड्यांच्या भुसभुशीत टेकाडांतून जात होती. १७९६ च्या जून महिन्यांत बर्फ वितळून नदीला पूर आला. ६ जूनच्या रात्रीं पाणी त्या कालव्यांत शिरलें, त्यानें टेकाडच फोडून काढलें, आणि अवघ्या चार तासांच्या सुमारास सबंध सरोवर रिकामें झालें. खालच्या खोऱ्यांतील शेतें, घरें व अरण्यें वाहून गेलीं. ज्या कड्यावरून पाणी कोसळत असे तो कडा आजही कोरडा उभा आहे. लोक त्याला ‘मेलेला धबधबा’ असें म्हणतात. हुस दुसऱ्याच वर्षीं, १७९७ सालीं, त्याच नदींत बुडून मरण पावला.

सरोवर गेलें, परंतु त्याचा तळ उघडा झाला. नदीनें त्या तळांतून आपलें नवें पात्र खोदून काढलें, तेव्हां दोन्ही बाजूंच्या दरडींत गाळाचे असंख्य थर, जाड पोथीचीं पानें कडेनें दिसावींत तसे, दिसूं लागले. हे थर वाचणारा मनुष्य येण्यास मात्र शंभरांहून अधिक वर्षें लागलीं. त्याचें नांव जेरार्ड दे येर.

दे येर हा स्वीडनमधील भूगर्भशास्त्रज्ञ. १८७८ सालीं, तरुणपणींच, स्टॉकहोमच्या आसपासच्या चिकणमातींत त्याला एक फिकट आणि एक काळसर अशा थरांच्या जोड्या एकावर एक रचलेल्या आढळल्या. त्यानें त्यांचा अर्थ असा लावला. उन्हाळ्यांत हिमनदीचें बर्फ वितळतें, पाण्याला ओढ येते आणि त्याबरोबर रेती व जाडसर माती वाहून येऊन तळाशीं बसते; हा फिकट थर. हिवाळ्यांत पाण्याच्या पृष्ठभागावर बर्फाचें झांकण बसतें, प्रवाह थांबतो आणि पाण्यांत तरंगत राहिलेली अतिसूक्ष्म माती सावकाश खालीं उतरते. हा काळसर थर. अर्थात् एक जोडी म्हणजे एक वर्ष. झाडाच्या खोडांतील वलयें मोजून त्याचें वय काढावें, तसें ह्या जोड्या मोजून काळ मोजतां येईल, ही कल्पना त्याच्या मनांत रुजली.

परंतु एकाच ठिकाणीं सर्व वर्षांचे थर मिळत नाहींत. हिमयुगाच्या अखेरीस बर्फाची कड उत्तरेकडे हटत चालली होती. ती जेथून हटली तेथें त्या वर्षापासून थर सांचूं लागले. म्हणजे जितकें उत्तरेस जावें तितका तळचा थर अलीकडच्या वर्षाचा. दे येरनें एका ठिकाणच्या थरांची जाडी कागदाच्या पट्टीवर उतरून घेतली आणि ती शेजारच्या ठिकाणच्या पट्टीशीं ताडून पाहिली. अधिक उन्हाचें वर्ष दोन्हींकडे जाड थर ठेवून जातें, थंड वर्ष पातळ. जाड-पातळ थरांचा क्रम जुळला कीं दोन्ही पट्ट्या एकमेकींस सांधावयाच्या आणि पुढें जावयाचें. १९०५ च्या उन्हाळ्यांत स्टॉकहोम व उप्साला येथील विद्यार्थ्यांची तुकडी घेऊन त्यानें सुमारें दोनशें किलोमीटरांच्या पट्ट्यांत ही मोजणी केली. बर्फ हटल्यानंतरच्या काळासाठीं त्याला रागुंडाचा उघडा पडलेला तळ उपयोगी पडला. तेथील सर्वांत वरचें पान कोणत्या सालचें हें निश्चित ठाऊक होतें. १७९६ नंतर त्या सरोवरांत गाळ बसणेंच शक्य नव्हतें! १९१० सालीं स्टॉकहोम येथें भरलेल्या भूगर्भशास्त्रज्ञांच्या जागतिक परिषदेपुढें दे येरनें गेल्या बारा हजार वर्षांची आपली कालगणना मांडली. पुढील संशोधकांना तींत कांहीं शतकांची दुरुस्ती करावी लागली हें खरें. परंतु लिखित पुरावा जेथें संपतो त्याच्याही मागें वर्षांवर वर्षें मोजीत जातां येतें, हें त्यानें प्रथम दाखविलें.

वर्षें मोजतां आलीं, तरी त्या वर्षांत काय घडलें हें सांगण्यास निराळे साक्षीदार लागतात. त्यांपैकीं पहिला म्हणजे फुलांचा पराग. वाऱ्यानें उडालेले परागकण तळ्यांत पडतात. त्यांचें कवच इतकें चिवट असतें कीं चिखलांत तें हजारों वर्षें टिकतें, आणि सूक्ष्मदर्शकाखालीं कोणता कण कोणत्या झाडाचा हें ओळखतां येतें. १९१६ सालीं लेनार्ट फॉन पोस्ट ह्या स्वीडिश विद्वानानें परागकणांच्या मोजदादीवरून जुन्या अरण्यांचा इतिहास कसा काढावा हें विद्वत्सभेपुढें मांडलें. दुसरा साक्षीदार डायाटम नांवाचें अतिसूक्ष्म शैवाल. त्याचें कवच कांचेच्या जातीच्या द्रव्याचें असून प्रत्येक जातीच्या कवचावरील नक्षी वेगळी असते. कोणती जात उथळ पाण्यांत वाढते, कोणती शेवाळ्याच्या आश्रयानें, कोणती बर्फाखालच्या अंधुक प्रकाशांतही तग धरते, हें एकदां कळलें म्हणजे कवचें मोजून तळ्याची त्या काळची स्थिति सांगतां येते. १९४९ सालीं विलार्ड लिबी आणि त्याचे सहकारी ह्यांनीं किरणोत्सर्गी कार्बनवरून प्राचीन वस्तूंचें वय काढण्याची रीत प्रसिद्ध केली, आणि ज्या गाळांत वर्षावर्षाचे थर स्पष्ट नाहींत त्यालाही तारखा मिळूं लागल्या.

आतां प्रश्न असा कीं, ह्यासाठीं ध्रुवप्रदेशांतच जाण्याचें कारण काय? एक तर तेथें दुसरे पुरावे थोडे. उत्तरेस अरण्याची सीमा ओलांडली कीं वलयें मोजण्यास झाडच उरत नाहीं. हवामानाच्या नोंदीही अलीकडच्या काळांतल्या. हिमस्तरांत खोल वेध घेऊन जुन्या हवेचा इतिहास काढतां येतो, परंतु तो जेथें बर्फ टिकलें तेथेंच. भूमि केव्हां मोकळी झाली आणि तिच्यावर काय उगवलें हें तळींच सांगतात. सेंद्रिय गाळाचा सर्वांत खालचा थर ज्या काळचा, त्या काळीं तेथील बर्फ निश्चित हटलेलें होतें, हा अगदीं साधा पण भक्कम पुरावा आहे. शिवाय त्या प्रदेशांत नांगर नाहीं, गिरण्या नाहींत, गटारें नाहींत. म्हणून तेथील तळ्यांत कांहीं पालट दिसला, तर त्याचा दोष कांठच्या शेतांवर किंवा वस्तीवर ढकलतां येत नाहीं.

अडचणीही तशाच. अवजड यंत्रें नेण्यास रस्ता नाहीं. नळी रोवण्यास पाण्यावर स्थिर जागा नाहीं. पुष्कळ वेळां निसर्गच ती जागा करून देतो. तळें गोठलें कीं बर्फावर तंबू ठोकावयाचा, भोंक पाडावयाचें आणि दट्ट्या बसविलेली नळी गाळांत दाबून उभाच्या उभा स्तंभ वर काढावयाचा. डॅनिएल लिव्हिंगस्टन ह्यानें अशी एक हलकी, मनुष्यांना उचलून नेतां येईल अशी नळी तयार केली आणि तिचें वर्णन १९५५ सालीं प्रसिद्ध केलें. त्याच सालीं आर्क्टिक अलास्कांतील तळ्यांच्या परागकणांचा त्याचा अभ्यासही प्रकाशित झाला. तिच्या सुधारलेल्या आवृत्त्या आजही वापरांत आहेत.

ह्या मार्गानें मिळालेली सर्वांत थोर बखर सैबेरियाच्या ईशान्य टोंकाला, चुकोत्का प्रांतांतील एल्गिगितगिन सरोवरांतून आली. आपल्या बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारप्रमाणेंच हें सरोवरही आकाशांतून कोसळलेल्या अशनीच्या आघातानें झालेल्या विवरांत आहे. लोणारचें विवर दोन किलोमीटरांहून थोडें कमी रुंद आहे. तें विवर अठरा किलोमीटर रुंद आणि छत्तीस लक्ष वर्षें जुनें. हिमयुगांतही त्यावर हिमस्तर कधीं चढला नाहीं, त्यामुळें तळचा गाळ खरवडला न जातां तसाच राहिला. २००९ च्या आरंभीं, गोठलेल्या सरोवरावर पाणी पसरून तेथील बर्फ मुद्दाम अधिक जाड करण्यांत आलें, आणि त्यावर यंत्र उभारून अनेक राष्ट्रांच्या शास्त्रज्ञांनीं ३१८ मीटर जाडीच्या गाळाचा छेद घेतला. त्याचें वाचन २०१२ व २०१३ सालीं प्रसिद्ध झालें. आज जेथें केवळ खुरटें गवत आणि शेवाळें उगवतें, तेथें छत्तीस ते चौतीस लक्ष वर्षांपूर्वीं देवदार-चीड जातीच्या वृक्षांचीं अरण्यें होतीं, आणि उन्हाळा आजच्यापेक्षां सुमारें आठ अंश सेल्सिअसनें अधिक उष्ण होता. त्या काळीं हवेंतील कर्बाम्ल वायूचें प्रमाण दर दहा लाख भागांत सुमारें ४०० होतें असा अंदाज आहे. कोळशाचें युग सुरू होण्यापूर्वीं हें प्रमाण २८० च्या आसपास होतें. आज तें ४२० च्या पुढें गेलें आहे. ह्या आंकड्यांवर भाष्य करण्याची आवश्यकता नाहीं.

दक्षिण ध्रुवाकडील कथेंत आपल्या देशाचाही वांटा आहे. १९८१ च्या डिसेंबरांत भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम गोव्याच्या किनाऱ्यावरून निघाली. पुढें १९८९ सालीं शिर्माखर ह्या बर्फमुक्त खडकाळ पट्ट्यांत ‘मैत्री’ हें ठाणें उभें राहिलें. त्या पट्ट्यांत अनेक लहान तळीं आहेत. ठाण्यास पाणी पुरविणारें प्रियदर्शिनी तळें त्यांपैकींच एक. आपल्या शास्त्रज्ञांनीं तेथील तळ्यांचा गाळ आणून त्यांतील चुंबकीय कण, डायाटम व मातीचा पोत तपासला, आणि त्यावरून शेवटच्या हिमयुगांतील व त्यानंतरचे थंडीचे व उबेचे कालखंड निश्चित करण्याचा यत्न चालविला आहे. ह्या संशोधनाचें केंद्र गोव्यांत वास्को येथें आहे. नारळीच्या सावलींतील त्या गांवीं अंटार्क्टिकाचा चिखल वाचला जातो, हें पुष्कळांना ठाऊक नसेल.

आतां शेवटची हकीकत. कॅनडाच्या अगदीं उत्तरेस एल्झमियर बेटावर केप हर्शेल नांवाचें भूशिर आहे. तेथील खडकांच्या खोलगट भागांत साठलेलीं सुमारें चाळीस उथळ तळीं जॉन स्मोल व मेरिअन डग्लस हे शास्त्रज्ञ १९८३ पासून वारंवार जाऊन पाहत आले. गाळ तेथें फार मंद सांचतो. बोटभर जाडींत अनेक शतकें सामावतात. १९९४ सालीं त्यांनीं तेथील तीन तळ्यांच्या गाळाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. हजारों वर्षें डायाटमच्या त्याच त्या मोजक्या जाती थरामागून थर, जवळजवळ न बदलतां, दिसत होत्या. आणि एकोणिसाव्या शतकांत पोंचतांच त्यांत एकाएकीं मोठा पालट झालेला आढळला. शेवाळ्याच्या आश्रयानें राहणाऱ्या जाती वाढल्या. म्हणजे बर्फाचें झांकण पूर्वींपेक्षां अधिक दिवस दूर राहूं लागलें, पाण्याला ऊन अधिक मिळूं लागलें. ज्या भूशिरावर ना शेत ना गिरणी, तेथें हा पालट आणणारी गोष्ट दूरवरूनच आलेली असली पाहिजे.

नंतर तर त्यासाठीं गाळ खणण्याचीही गरज उरली नाहीं. वर्षांमागून वर्षें पाण्याची पातळी उतरत गेली आणि उरलेल्या पाण्यांत क्षार दाटत गेले. २००६ च्या जुलै महिन्यांत ते शास्त्रज्ञ तेथें पोंचले, तेव्हां हजारों वर्षें टिकलेल्या त्या तळ्यांपैकीं कांहीं पार कोरडीं पडलीं होतीं.

गाळाची बखर लिहिली जाण्यास तळ्यांत पाणी असावें लागतें. पाणी गेलें म्हणजे नवें पान लिहिलें जात नाहींच, परंतु वरचीं पानेंही उन्हानें तडकतात, वाऱ्यानें उडतात. म्हणजे आपल्या पिढीचीच नोंद सर्वांआधीं नाहींशी होते. रागुंडाचें सरोवर आटलें तेव्हां कालवा कोणी खणला हें सगळ्या खोऱ्याला ठाऊक होतें, आणि हुसला त्याबद्दल लोकांनीं कधीं क्षमा केली नाहीं. केप हर्शेलच्या तळ्यांपाशीं बोट दाखविण्यास असा कोणी एक व्यापारी नाहीं. तेथील कालवा आपण सर्वांनीं मिळून, प्रत्येकानें आपापल्या चुलीपाशीं व गिरणीपाशीं, थोडा थोडा खणला आहे. रागुंडाची बखर १७९६ सालीं एका रात्रींत थांबली. केप हर्शेलच्या त्या तळ्यांची २००६ च्या उन्हाळ्यांत तुटली.