पोकर : गणित, अंतःप्रेरणा आणि नशीब

पोकर हा ५२ पत्त्यांच्या कॅटाने, पैजा लावून खेळला जाणारा खेळ आहे. बुद्धिबळात दोन्ही बाजूंची मोहरी पटावर उघड असतात. पोकरमध्ये प्रतिस्पर्ध्याची पाने झाकलेली राहतात. त्यामुळे प्रत्येक निर्णय अपुऱ्या माहितीवर घ्यावा लागतो. कोणती पाने येतील हे नशीब ठरवते. त्यांवर किती लावायचे, हे खेळाडू ठरवतो. या दोहोंतील भेद विसरणे हीच या खेळातील सर्वांत महागडी चूक होय.

‘टेक्सास होल्डेम’ या प्रचलित प्रकारात प्रत्येकाला दोन झाकलेली पाने मिळतात आणि पाच सामाईक पाने टप्प्याटप्प्याने उघडली जातात. समजा, हातात दोन बदाम आहेत आणि उघडलेल्या पहिल्या तीन पानांत आणखी दोन. न दिसलेल्या ४७ पानांत नऊ बदाम उरतात. पुढील दोन पानांत किमान एक बदाम येण्याची शक्यता सुमारे ३५ टक्के असते. ‘आज हात चांगला आहे’ या भावनेने तीत फरक पडत नाही.

हातात काही नसताना मोठी पैज लावणे, म्हणजे ‘ब्लफ’, ही केवळ धिटाई नव्हे. गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी १९२८मध्ये द्यूतसिद्धांताचा पाया घातला आणि १९४४मध्ये ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांच्यासह लिहिलेल्या ग्रंथात पोकरमधील ब्लफची गणिती मीमांसा केली. उदाहरणार्थ, शेवटचे पान उघडल्यावर मध्ये १०० रुपये आहेत आणि खेळाडू आणखी १०० लावतो. प्रतिस्पर्ध्याला २०० मिळवण्यासाठी १०० द्यावे लागतात. अशा तीन पैजांपैकी एक ब्लफ असेल, तर पैज स्वीकारून वा पाने टाकून त्याला काहीच अधिक साधता येत नाही. ब्लफ त्याहून अधिक झाले की ते पकडणे फायद्याचे ठरते; कमी झाले की पाने टाकणे.

असा समतोल खेळाडूला सुरक्षित ठेवतो; समोरच्याच्या चुकांचा पुरेपूर लाभ मात्र मिळवून देत नाही. तेथे अंतःप्रेरणेचे काम सुरू होते. हजारो डावांच्या निरीक्षणातून मनात साठलेला अनुभव म्हणजेच ही प्रेरणा. कोणी कधीच पाने टाकत नसेल, तर त्याच्यापुढे ब्लफ व्यर्थ. कोणी भित्रा असेल, तर तो अधिक फलदायी. परंतु समतोल सोडणारा स्वतःही उघडा पडतो. २०१७मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या ‘लिब्राटस’ या संगणकप्रणालीने चेहरे न वाचता, १,२०,००० डावांत चार व्यावसायिक खेळाडूंना हरवले.

नशीब तरीही उरतेच. पहिल्याच फेरीत सर्वस्व पणाला लागले, तर एक्क्यांची जोडी बादशहांच्या जोडीला पाचपैकी सुमारे चार वेळा हरवते; पाचव्या वेळी योग्य निर्णयही हरतो. म्हणून निकालावरून निर्णयाची पारख करू नये. एका रात्रीची जीत कौशल्य सिद्ध करत नाही, एका रात्रीची हार ते खोडून काढत नाही. शिवाय कॅसिनोतील पोकरच्या टेबलावर यजमान आपला वाटा कापून घेतो. त्यामुळे तुल्यबळ खेळाडू दीर्घकाळात सगळेच तोट्यात जातात. हरलेले भरून काढण्यासाठी पैज वाढवणाऱ्याला गणित, प्रेरणा वा नशीब यांपैकी कोणीही तारत नाही.