वगाची वही आणि पोलिसांचा परवाना

वाळवे तालुक्यात रेठरे हरणाक्ष आणि वाटेगाव अशी दोन गावे आहेत. पहिल्या गावात पठ्ठे बापूराव जन्मले, दुसऱ्यात अण्णा भाऊ साठे. तेव्हा हा मुलूख सातारा जिल्ह्यात होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. कलावंत आणि सरकार यांच्या नात्याची गोष्ट या टापूतून जितकी स्वच्छ दिसते, तितकी क्वचितच दुसरीकडून दिसेल. हा धागा त्यावर.

प्रयोगावर बंदी घालण्याचा अधिकार इंग्रजांनी १८७६ च्या नाट्यप्रयोग कायद्याने मिळवला. त्याचा फटका सांगलीच्याच एका नाटककाराला बसला. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या 'कीचकवधा'त प्रेक्षकांना लॉर्ड कर्झन दिसू लागला आणि १९१० मध्ये नाटक बंद झाले. तिथे सरकारला धास्ती होती ती राजद्रोहाची. पुढे तमाशावर जो आक्षेप आला, तो अगदी निराळ्या जातीचा होता.

श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी (जन्म १८६६) घरची कुलकर्णीपणाची प्रतिष्ठा सोडून फडात शिरले आणि पठ्ठे बापूराव झाले. त्यांची कवने आणि पवळाबाईंचा गळा यांनी मुंबई-पुण्याचे प्रेक्षक वेडे केले. १९४५ मध्ये हा शाहीर पुण्यात विपन्नावस्थेत वारला. पुढची दोन-तीन वर्षे त्यांनी पाहिली नाहीत, हे एका अर्थी बरेच झाले.

कारण स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने तमाशावर बंदी घातली. गृहखाते मोरारजी देसाईंकडे होते आणि कारण दिले गेले अश्लीलतेचे. बंदीचा घाव कोणावर पडला हे पाहिले पाहिजे. फडांत प्रामुख्याने महार, मांग, कोल्हाटी समाजांतील स्त्री-पुरुष होते. दसरा-दिवाळीपासून वैशाखातल्या जत्रांपर्यंत ज्या सुपाऱ्या मिळतील, त्यांवर वर्ष काढायचे, असा हा धंदा. एक हंगाम बुडाला की सावकाराची उचल अंगावर.

कलावंतांनी गाऱ्हाणी मांडली. बंदी उठली, पण अटींवर. दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली तमाशा सुधार समिती नेमली गेली. पुढे १९५१ चा मुंबई पोलीस कायदा आला, १९५४ मध्ये रंगभूमी परिनिरीक्षण मंडळ आले, आणि प्रयोगाआधी संहिता तपासून घेणे हा रिवाज झाला. मुंबई पोलिसांच्या १९६० च्या करमणूकविषयक नियमांच्या शीर्षकातच 'मेळे व तमाशे' यांचा स्वतंत्र उल्लेख आहे.

आता अडचण अशी की वगाला मुळात संहिता नसे. कथानक ठरलेले असे, बाकी सगळी बतावणी. सोंगाड्या समोरच्या गावचा पाटील पाहून, आदल्या दिवशीचे भांडण ऐकून विनोद करणार. ते कागदावर कसे मांडायचे आणि कोणाच्या सहीने मंजूर करून घ्यायचे? अक्षरओळख नसलेल्या कलावंताला अचानक वही सादर करावी लागली. अश्लीलता रोखण्याचे साधन म्हणून आलेली ही वही माझ्या मते हजरजबाबीपणालाच सर्वाधिक जाचक ठरली. (उझबेकिस्तानात गायकांना सरकारी परवाना लागत असे. २०१३ मध्ये तिथे काहींचे परवाने गीतांत अर्थ नाही, देशप्रेम नाही म्हणून काढून घेतले गेले. आपण हसण्याआधी ही वही आठवावी.)

मात्र टीका करणारे सगळेच सोवळे होते, असे मानू नये. महाडच्या सत्याग्रहासाठी पठ्ठे बापूरावांनी देऊ केलेला पैसा बाबासाहेब आंबेडकरांनी नाकारला, कारण तो दलित स्त्रियांना नाचवून मिळवलेला होता. हा आक्षेप शोषणावर होता. सरकारने मात्र ज्या बायका नाचत होत्या, त्यांचीच भाकरी आधी काढून घेतली.

अण्णा भाऊंची वाट वेगळी होती. मांग समाजात जन्म, चुलतभाऊ बापू साठे यांच्या तमाशात उमेदवारी, मग मुंबई. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनी लालबावटा कलापथक उभारले. त्यांनी गणातले देवाचे स्तवन काढून मातृभूमीला आणि कष्टकऱ्यांना वंदन केले, गौळण गाळली, आणि 'लोकनाट्य' हे नाव रूढ केले. म्हणजे सुधारकांना खटकणारे पुष्कळसे त्यांनी आपणहून टाकले होते! तरीही सरकारने कलापथकावर बंदी घातलीच. तेव्हा अश्लीलता हे एकमेव कारण नव्हते, हे उघड आहे.

सांगलीजवळच्या कवलापुरात मात्र याच काळातून एक फड तगला. लहू आणि अंकुश खाडे हे जुळे भाऊ 'जहरी प्याला' या वगातल्या भूमिकांमुळे काळू-बाळू म्हणून अजरामर झाले. त्या भूमिका होत्या दोन हवालदारांच्या. पोलिसांचा परवाना काढायचा आणि रात्री त्याच गणवेशाची टर उडवायची, यावर कवलापूरकरांचे घर चालले.

संहितेच्या पूर्वतपासणीला अमोल पालेकरांनी २०१६ मध्ये उच्च न्यायालयात आव्हान दिले. फडमालकाची आजची तक्रार घड्याळाची आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार, सवलतीचे मोजके दिवस सोडले, तर रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो. पूर्वी गण, गौळण, रंगबाजी आटोपून मध्यरात्रीच्या सुमारास वग उभा राहायचा आणि तांबडे फुटेपर्यंत चालायचा. आता दहाच्या आत सगळे बसवायचे, तर कात्री वगालाच लागते.