वास्तुसमाविष्ट सौर विद्युत् सामग्री

सूर्यप्रकाशाचे सरळ विजेत रूपांतर करणारे फलक इमारतीवर नुसते न ठेवता छप्पर, भिंत, सज्जा वा खिडकीची काच यांच्या जागीच बसविले म्हणजे त्यांना वास्तुसमाविष्ट सौर फलक म्हणतात. अशा फलकाला वीज देण्याबरोबरच पाऊस अडविणे, वाऱ्याचा दाब सोसणे व आतील माणसांचे उन्हापासून रक्षण करणे ही बांधकामातील घटकाची कामेही करावी लागतात. त्यामुळे त्याच्या सामग्रीच्या इतिहासात सौर घटाइतकेच महत्त्व चौकटी, सांधे, हवेची पोकळी आणि तारा यांना आहे.

अमेरिकेत चार्ल्स फ्रिट्स यांनी १८८३ च्या सुमारास सिलिनियमाच्या पातळ थराचे घट तयार केले. परंतु त्यांची कार्यक्षमता जेमतेम १ टक्क्याच्या आसपास होती. बेल प्रयोगशाळेतील डॅरिल चॅपिन, कॅल्व्हिन फुलर व जेराल्ड पीअर्सन यांनी १९५४ मध्ये सु. ६ टक्के कार्यक्षमतेचा सिलिकॉन घट सिद्ध केला. तो अतिशय महाग असल्याने प्रथम कृत्रिम उपग्रहांत वापरला गेला. घराच्या छपराशी त्याचा संबंध खनिज तेलाच्या टंचाईच्या काळात आला. डेलावेअर विद्यापीठात कार्ल बोअर यांच्या मार्गदर्शनाखाली १९७३ मध्ये बांधलेल्या ‘सोलर वन’ या घराच्या छपरात कॅडमियम सल्फाइडाचे घट बसविले होते व त्यांच्याकडून वीज आणि उष्णता दोन्ही मिळविण्याचा प्रयत्न होता. जर्मनीतील आखेन येथील वीजपुरवठा संस्थेच्या इमारतीत १९९१ मध्ये दर्शनी भिंतीच्या काचांमध्येच घट बसविण्यात आले. यूरोपात पुढे हाच प्रकार रूढ झाला.

भारतात सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेड (साहिबाबाद) या सरकारी उद्योगाने १९७७ मध्ये पहिला सौर घट व १९७८ मध्ये पहिला फलक तयार केला. नवी दिल्ली येथील इंदिरा पर्यावरण भवनाच्या (२०१४) माथ्यावर ९३० किलोवॉट क्षमतेचे फलक असून ते छपराच्या कडांबाहेर येऊन छत्रीसारखी सावलीही देतात.

सामग्रीत प्रथम येतो तो फलक. नेहमीच्या फलकात घटांच्या पुढे काच व मागे प्लॅस्टिकचे आवरण असते. छपरात वा भिंतीत घालावयाच्या फलकात बहुधा दोन्ही बाजूंस कठीण केलेली काच असते, म्हणजे तडा गेला तरी तुकडे खाली पडत नाहीत. मागील जोडपेटीत वळणमार्गी डायोड असतात. पाण्याची टाकी, कठडा किंवा झाड यांची सावली काही घटांवर पडली, तर प्रवाह त्यांना वळसा घालून जातो. एरवी सावलीतले घट तापून जळण्याचा संभव असतो. फलकांपासून येणारा एकदिश प्रवाह इन्व्हर्टरमध्ये प्रत्यावर्ती होतो. याशिवाय उन्हाने न तडकणारी केबल, विलगक, भूयोजन, वीजप्रपात-रोधक आणि दोन्ही दिशांचा प्रवाह मोजणारा मापक लागतो. एकदिश प्रवाहाची ठिणगी सहज विझत नाही. तारा लाकडी छपरातून वा पोकळ भिंतीतून नेताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

बांधकामाच्या दृष्टीने खरी कसोटी चौकट, रबरी पट्ट्या, पन्हळी व मागची पोकळी यांची आहे. फलकाची क्षमता २५° से. तापमानाला मोजलेली असते व त्यावर प्रत्येक अंशाला ती सु. ०·४ टक्क्याने घटते. मागून वारा खेळत असेल, तर घट हवेपेक्षा २५° ते ३०° अधिक तापतात. पोकळी नसेल, तर त्याहून पुष्कळच अधिक, आणि ती उष्णता खालच्या खोलीत उतरते. छप्पर म्हणून फलक विकताना हा भाग बहुधा अनुल्लेखित राहतो.

मंठा (जि. जालना) येथे या प्रश्नांचे स्वरूप यूरोपातील उदाहरणांहून वेगळे आहे. आखेन जवळजवळ ५१° उत्तर अक्षांशावर, तर मंठा सु. १९° ४०′ वर आहे. येथे मेच्या तिसऱ्या आठवड्यात आणि जुलैच्या अखेरच्या आठवड्यात मध्यान्हीचा सूर्य डोक्यावर येतो. मधल्या काळात तो किंचित उत्तरेकडे असल्याने दक्षिणेच्या भिंतीवर दुपारचे थेट ऊन पडतच नाही. हिवाळ्यात ती भिंत उपयोगी पडते, पण वर्षाचा हिशेब करता दक्षिणेकडे थोडे कललेले छपरच श्रेयस्कर ठरते. आखेनची भिंत येथे जशीच्या तशी उचलणे योग्य नाही.

छपराचा प्रकारही पाहावा लागतो. मराठवाड्यातील जुन्या माळवदांना तुळया, कड्या व किलचणांवर पांढऱ्या मातीचा जाड थर असतो. त्यात खिळा वा बोल्ट धरत नाही आणि भोक पाडल्यास पावसाळ्यात गळती लागते. अशा घरावर माळवदाला हात न लावता भिंतींवर टेकलेला स्वतंत्र सांगाडा उभारणे बरे. त्याच्या सावलीने आतली खोलीही थंड राहते. पत्र्याच्या घरात पत्र्याऐवजी फलक घालता येतात. मात्र वळवाच्या वाऱ्यात ते उचलले जाऊ नयेत म्हणून त्यांची पकड वाऱ्याच्या भाराविषयीच्या भारतीय मानकाप्रमाणे (आयएस ८७५, भाग ३) तपासून घ्यावी लागते. १ किलोवॉटला सु. ५ ते ६ चौ. मी. जागा पुरते.

गारांचा प्रश्न नाजूक आहे. आंतरराष्ट्रीय मानकाच्या चाचणीत फलकावर २५ मिमी. व्यासाचे बर्फाचे गोळे सेकंदाला २३ मी. वेगाने मारतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपिटीत मराठवाड्यातील पिकांची मोठी हानी झाली. सांगाड्यावरचा फलक फुटला, तर तेवढी वीज जाते; छपरातला फुटला, तर त्याच्याबरोबर छप्परही जाते. त्यामुळे एकेक फलक शेजारचा न हलविता काढता येईल अशी चौकट आणि फलकाखाली जलरोधक दुसरा थर घालतात. धूळ पुसण्यासाठी पाणीही लागते. उन्हाळ्यात टँकरवर अवलंबून असणाऱ्या वस्तीत ते रात्री वा पहाटे, काच थंड असताना, ओल्या फडक्याने भागवितात.

महाराष्ट्र विद्युत् नियामक आयोगाने २०१५ मध्ये छपरावरील सौर विजेसाठी निव्वळ मापनाचे नियम केले व २०१९ मध्ये त्यांच्या जागी नवे विनियम आणले. २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत घरगुती संचाला ७८,००० रुपयांपर्यंत केंद्रीय साहाय्य ठरविण्यात आले. ही रक्कम संचाच्या किलोवॉट क्षमतेवर ठरते; पन्हळी, रबरी पट्ट्या व खालचा जलरोधक थर यांनी खर्च वाढला, तरी तिच्यात वाढ होत नाही.