गॅस-सेन्सरची पेटंटे आणि ‘उघड’ रचनेचा वाद

गॅस-सेन्सरच्या पेटंटावरचे भांडण बहुधा एकाच प्रश्नाशी येऊन थांबते: केलेला बदल त्या क्षेत्रातल्या सामान्य जाणकाराला सहज सुचला असता का? सेन्सरचे भाग जुनेच असतात, म्हणून हा प्रश्न टळत नाही. कार्बन मोनॉक्साइडच्या विद्युत-रासायनिक सेन्सरमध्ये वायू बारीक केशछिद्रातून आत शिरतो, उत्प्रेरक इलेक्ट्रोडवर त्याचे ऑक्सिडीकरण होते आणि निर्माण होणारा प्रवाह वायूच्या प्रमाणात असतो. हायड्रोजन सल्फाइडमुळे चुकीचे आकडे येऊ नयेत म्हणून सक्रिय कार्बनची गाळणी बसवतात. समजा, कोणी ती छिद्राबाहेर न लावता छिद्र आणि इलेक्ट्रोड यांच्या मध्ये लावली. छिद्रातून मोजकाच वायू येतो, त्यामुळे गाळणी जास्त टिकते. मात्र मधली पोकळी वाढते आणि सेन्सरचा प्रतिसाद मंदावू शकतो. ही रचना उघड होती की नाही, हे आकृतीकडे पाहून ठरत नाही. अर्जाच्या तारखेआधी काय लिहिले आणि वापरले गेले होते, त्यावरून ठरते.

या बाबतीत अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचा 2007 मधला ‘केएसआर विरुद्ध टेलिफ्लेक्स’ हा निकाल महत्त्वाचा आहे. तिथला सेन्सर गॅसचा नव्हता, मोटारीच्या पेडलचा होता. पुढे-मागे सरकणाऱ्या पेडलच्या स्थिर टेकूवर इलेक्ट्रॉनिक सेन्सर बसवला, एवढाच दावा. असे पेडल आधीपासून होते, सेन्सरही होते आणि सेन्सर हलत्या भागावर लावला की तारा घासून झिजतात, हेही माहीत होते. पेटंटांची अपिले ऐकणाऱ्या फेडरल सर्किट न्यायालयाने जोडणीची ठाम सूचना जुन्या कागदांत शोधली. जुन्या पेडलचा हेतू वेगळा होता, असे म्हणून पेटंट रद्द ठरवणारा खालच्या न्यायालयाचा निकाल बाजूला ठेवला. सर्वोच्च न्यायालयाने एकमताने फेडरल सर्किटचा निर्णय फिरवला: जाणकार माणूस यंत्रवत वागत नाही आणि एका कामासाठी केलेली वस्तू दुसऱ्या कामीही लावतो. हा निकाल मला योग्य वाटतो, कारण अडचण आणि उपाय दोन्ही आधीच नोंदलेले होते.

यावर आक्षेप असा, की अशाने जुन्या भागांची कुठलीच जोडणी टिकणार नाही. तो खरा नाही. प्रत्येक भाग माहीत होता एवढे दाखवणे पुरेसे नाही, जोडण्याचे कारणही दाखवावे लागते, हे त्याच निकालात आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: गाळणीला जागा आत किंवा बाहेर, दोनच, मग प्रयोग करून पाहणे सहजच. पण पर्याय थोडे असले तरी रचना उघड ठरायला परिणामाचा अंदाज आधी बांधता यायला हवा. प्रतिसाद मंदावण्याच्या भीतीने जाणकार आतली जागा टाळत होते, असे जुन्या कागदांतून दिसले आणि पेटंटधारकाने ती अडचण सोडवली असेल, तर पेटंट टिकले पाहिजे. तसे काही नसेल आणि गाळणीचे आयुष्य आत येणाऱ्या वायूवर अवलंबून असते हे प्रसिद्ध झालेले असेल, तर ते रद्द व्हावे. तज्ज्ञाने नंतर दिलेले ‘हे तर कोणालाही सुचले असते’ हे मत एकट्याने पुरेसे धरू नये. उत्तर कळल्यावर प्रश्न सोपाच वाटतो.

भारतीय पेटंट कायदा, 1970 च्या कलम 2(1)(जेए) मध्येही जाणकाराला उघड नसणे ही अट आहे. मात्र कलम 13(4) नुसार पेटंट मंजूर झाले म्हणजे त्याच्या वैधतेची हमी मिळत नाही.