रूपविकारी तारे : हौशी निरीक्षकांचे वेध

ज्या ताऱ्यांचे तेज कालमानाने कमीअधिक होत असते, त्यांस रूपविकारी तारे म्हणतात. ययाती तारकासमूहातील अल्गॉलसारख्या ताऱ्यांत हा पालट भासमान असतो, कारण तेथे दोन तारे परस्परांभोवती फिरत असता एक दुसऱ्याच्या आड येतो. तिमिंगलातील मीरा हा तारा मात्र स्वतःच प्रसरण व आकुंचन पावत असल्याने सुमारे ३३२ दिवसांच्या आवर्तनात कधी नुसत्या डोळ्यांना सहज दिसतो, तर कधी दुर्बिणीवाचून दिसेनासा होतो. यांखेरीज एक वर्ग असा आहे की त्यातील तारे आठवडे, महिने किंवा कित्येक दशके मंदावस्थेत राहून अकस्मात उद्रेक पावतात. उद्रेकाचा मुहूर्त कोणत्याही पंचांगात देता येत नसल्यामुळे त्यांच्यावर रोजची पाळत ठेवण्यावाचून गत्यंतर नाही. ही पाळत मुख्यत्वे वेतन न घेणाऱ्या हौशी निरीक्षकांनी ठेवली, हे ज्योतिःशास्त्राच्या इतिहासातील एक ठळक सत्य आहे.

जर्मन ज्योतिर्विद आर्गेलांडर याने १८४४ साली ज्योतिषप्रेमी जनांस जाहीर आवाहन करून या कार्यात सहभागी होण्याची विनंती केली. मोठमोठ्या वेधशाळा आपापल्या नेमून दिलेल्या कामांत गुंतलेल्या असतात, आणि शेकडो ताऱ्यांकडे रात्रीमागून रात्री पाहत राहण्यास त्यांच्यापाशी माणसेही नसतात व वेळही नसतो, ही गोष्ट त्याने फार लवकर ओळखली. पुढे ब्रिटिश ज्योतिषसंस्थेचा रूपविकारी ताऱ्यांचा विभाग १८९० मध्ये, आणि विल्यम टायलर ऑलकट या वकिलाच्या पुढाकाराने अमेरिकेतील रूपविकारी तारा निरीक्षकांची संघटना १९११ मध्ये स्थापन झाली. या दुसऱ्या संस्थेच्या दप्तरी आज जगभरातून आलेल्या कोट्यवधी नोंदी जमा आहेत.

वेधाची रीत साधी असली तरी ती पाळण्यास मनाची शिस्त लागते. ज्यांचे तेज स्थिर आहे आणि ज्यांच्या प्रती आधीच निश्चित झाल्या आहेत, असे आसपासचे तारे नकाशावर दाखविलेले असतात. त्यांपैकी एक किंचित तेजस्वी व एक किंचित मंद असा जोड निवडावा, आणि आपला तारा त्या दोहोंच्या दरम्यान कोठे बसतो याचा डोळ्याने अंदाज करावा. एकाची प्रत ८.४ व दुसऱ्याची ९.० असून आपला तारा बरोबर मध्ये वाटला, तर ८.७ अशी नोंद होते. प्रतीचा अंक जितका मोठा तितका तारा मंद असतो. पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात शंभर पटींचा फरक, हे प्रमाण नॉर्मन पॉगसन याने १८५६ साली सुचविले. नकाशावर दशांशचिन्ह मुद्दाम गाळलेले असते, कारण ते टिंब तारा समजले जाण्याचा संभव असतो. तांबड्या ताऱ्याकडे टक लावून पाहिल्यास तो वास्तवाहून अधिक तेजस्वी भासू लागतो, म्हणून नजर त्यावर क्षणभरच टेकवावी. सरावलेल्या डोळ्याचा अंदाज साधारणतः एकदोन दशांश प्रतीइतका अचूक असतो. डोळ्याच्या दोषापेक्षा मनाचा दोष अधिक घातक होय. काल अमुक प्रत होती म्हणून आजही तितकीच असणार, असा ग्रह ज्याने करून घेतला त्याचा वेध वाया गेला असेच समजावे, आणि म्हणून नवी नोंद होईपर्यंत मागचे पान उघडू नये हा नियम अनुभवी निरीक्षक कटाक्षाने पाळतात.

नोंदीची वेळ ज्युलियन दिनगणनेनुसार देतात. ही गणना ग्रिनिचच्या मध्यान्ही, म्हणजे आपल्याकडील सायंकाळी साडेपाच वाजता, पालटते. त्यामुळे युरोपातील निरीक्षकांप्रमाणेच भारतातील निरीक्षकाचीही संपूर्ण रात्र एकाच दिनांकात पडते. तारा दिसला नाही तर त्या रात्री दिसू शकलेल्या सर्वांत मंद तुलना-ताऱ्याची प्रत लिहून ‘याहून मंद’ असा शेरा मारावयाचा असतो. नवख्या माणसास ही नोंद निष्फळ वाटते. वस्तुतः उद्रेक केव्हा सुरू झाला हे ठरविताना आदल्या रात्रीचा हाच नकारात्मक पुरावा निर्णायक ठरतो, आणि माझ्या मते निरीक्षकाची खरी परीक्षाही अशा नोंदी तो किती निष्ठेने करतो यावरच होते.

उद्रेकी ताऱ्यांचे स्वरूप समजण्यास हंस तारकासमूहातील एसएस या ताऱ्याचे उदाहरण उत्तम होय. हार्वर्ड वेधशाळेतील लुइझा वेल्स यांनी १८९६ साली तो शोधला. बाराव्या प्रतीचा हा तारा सरासरी सुमारे सात आठवड्यांनी आठव्या प्रतीपर्यंत चढतो व काही दिवसांत पूर्ववत होतो. मिथुनेतील यू या ताऱ्याप्रमाणे याचीही गणना लघुनवताऱ्यांत होते. येथे एक सामान्य तारा व एक अतिघन श्वेत लघुतारा परस्परांभोवती साडेसहा तासांहून थोड्या अधिक अवधीत फिरतात. सामान्य ताऱ्याचा वायू श्वेत लघुताऱ्याकडे ओढला जाऊन त्याच्याभोवती तबकडीच्या रूपाने साचतो. तबकडी तापत जाऊन तीतील हायड्रोजन आयनीभूत होऊ लागला की तिची श्यानता एकाएकी वाढते, साचलेला वायू लोटाने आत घसरतो आणि सारी तबकडी उजळून निघते.

या उपपत्तीवर एकदा मोठेच संकट आले होते. हबल अंतराळ दुर्बिणीच्या वेधांवरून या ताऱ्याचे अंतर सुमारे ५२० प्रकाशवर्षे निघाले. तारा इतका दूर असेल तर तो मूळचाच इतका तेजस्वी ठरत होता की तबकडीची ही उपपत्ती त्यास लागू पडेना. उद्रेककाळी या ताऱ्यापासून रेडिओ तरंग निघतात, पण ते थोडेच दिवस टिकतात. तेव्हा हौशी निरीक्षकांनी उद्रेकाच्या आरंभाची वर्दी द्यावी आणि रेडिओ दुर्बिणींनी लागलीच त्याकडे वळावे, अशी योजना झाली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या वेधांतून अंतर सुमारे ३७० प्रकाशवर्षे ठरले व उपपत्ती सुरक्षित राहिली. परसदारी दुर्बीण लावून बसणाऱ्यांची वर्दी वेळेवर पोचली नसती, तर हा वाद असा निकालात निघाला नसता.

नवताऱ्याचा उद्रेक याहून निराळा व कितीतरी प्रचंड असतो. तेथे श्वेत लघुताऱ्याच्या पृष्ठावर साचलेल्या हायड्रोजनाचाच अणुगर्भीय स्फोट होतो. ज्यांचे असे स्फोट मनुष्याच्या स्मरणकाळात पुन्हा पुन्हा झाले, ते पुनरावर्ती नवतारे. वृश्चिकेतील यू हा त्यांपैकी एक. मद्रास वेधशाळेचा प्रमुख झाल्यावर पॉगसनने तो १८६३ च्या मे महिन्यात तेथूनच प्रथम पाहिला. उत्तर मुकुटातील टी हा तारा १८६६ व १९४६ साली दहाव्या प्रतीवरून दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीपर्यंत चढला. ओहायोतील लेस्ली पेल्टियर हा शेतकऱ्याचा मुलगा. स्ट्रॉबेरी खुडून मिळविलेल्या १८ डॉलरांची दुर्बीण घेऊन त्याने १९१८ मध्ये या कार्यास आरंभ केला व जन्मभरात एक लाखाहून अधिक वेध घेतले. उत्तर मुकुटातील या ताऱ्यावर त्याने सुमारे पंचवीस वर्षे नजर ठेवली होती. पण १९४६ च्या फेब्रुवारीतील नेमक्या त्या पहाटे सर्दीची लक्षणे वाटल्याने तो पुन्हा अंथरुणात शिरला, आणि उद्रेक इतरांनी पाहिला. आपल्या आत्मकथनात त्याने ही हकिगत मोकळेपणाने सांगितली आहे.

भारतीय वाचकाने ज्याचे नाव आवर्जून लक्षात ठेवावे असा निरीक्षक म्हणजे बंगालमधील जेसोरचे राधागोविंद चंद्र (१८७८–१९७५). प्रवेश परीक्षेत वारंवार अनुत्तीर्ण झालेल्या या गृहस्थांनी कलेक्टर कचेरीच्या खजिन्यात नोकरी केली. १९१० सालच्या हॅलेच्या धूमकेतूने त्यांना आकाशाचा नाद लागला आणि १९१२ मध्ये त्यांनी विलायतेहून तीन इंची दुर्बीण मागविली. जून १९१८ मध्ये गरुड तारकासमूहात प्रकटलेला तेजस्वी नवतारा त्यांनी स्वतंत्रपणे शोधला. ही वार्ता हार्वर्डला पोचल्यावर अमेरिकन संघटनेने त्यांस सभासद करून घेतले, आणि पुढे तर सहा इंची दुर्बीणच जेसोरला धाडली. दिवसा सरकारी खजिन्याचा हिशेब राखणारा हा मनुष्य रात्री ताऱ्यांची किर्द तितक्याच सचोटीने लिहीत असे. १९५४ पर्यंत त्यांनी पाठविलेल्या नोंदींची संख्या ३७,००० हून अधिक भरते. फाळणीनंतर घरदार सोडून ते बारासातला आले, तरी वेध थांबले नाहीत. वय झाल्यावर ती दुर्बीण त्यांच्याकडून ज्योतिर्विद वेणू बाप्पू यांच्याकडे गेली. विद्यापीठाची पदवी नसलेल्या माणसाचे हे कार्य आपल्या शालेय पुस्तकांत अद्याप यावे तसे आलेले नाही, ही उणीव दूर व्हावयास हवी.

आता इलेक्ट्रॉनिक छायाचित्रण पुष्कळांच्या आवाक्यात आले आहे, आणि स्वयंचलित दुर्बिणी सारे आकाश चाळीत असतात. तरीही हौशी निरीक्षकाची गरज संपलेली नाही. तेजस्वी तारे त्या यंत्रांच्या मर्यादेबाहेर जातात, शिवाय शंभर वर्षांपूर्वीच्या नोंदींशी आजचे वेध जोडावयाचे तर पद्धतही तीच लागते. हबल दुर्बिणीवरील नाजूक जंबुपार उपकरणास उद्रेकाच्या प्रखर तेजाने इजा होऊ नये म्हणून, ठरलेला लघुनवतारा शांत आहे की नाही याची खातरजमा हौशी निरीक्षकांकडून आधी करून घेण्यात आली. भारताचे स्थानही येथे महत्त्वाचे आहे. जपान व ऑस्ट्रेलियात पहाट झाल्यावर आणि युरोपात अंधार पडण्यापूर्वी जो काळ उरतो, त्यात ताऱ्यावर पहारा ठेवू शकणारे देश थोडे आहेत.

पुण्यातील ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारख्या, १९४४ पासून चालत आलेल्या संस्थांमुळे महाराष्ट्रातील नवख्या माणसास मार्गदर्शनाची वाण नाही. पावसाळ्याचे चार महिने येथील आकाश झाकलेले असते, म्हणून उत्तर मुकुट पाहू इच्छिणाऱ्याने चैत्र-वैशाखाच्या रात्री वाया घालवू नयेत. १८६६ व १९४६ या उद्रेकांतील ऐंशी वर्षांचे अंतर पाहता पुढील उद्रेक एकविसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात अपेक्षिला जातो. स्वातीच्या पूर्वेस असलेला हा तारा मंदावस्थेत तीन इंची दुर्बिणीतून दिसतो, आणि उद्रेकानंतर साधारण आठवडाभरच नुसत्या डोळ्यांना दिसत राहतो.