केरसुणीच्या पलीकडे

लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहायचे, ही आपली जुनी रीत. पण तिने उंबऱ्याबाहेर लोटलेला केर पुढे कोठे जातो, हे तिची पूजा करणारे आपण सहसा विचारीत नाही. मुंबईला मात्र तो प्रश्न विचारावा लागला, आणि तोही मृत्यू दाराशी आल्यावर.

१८९६ च्या सप्टेंबरात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवी भागात प्लेग ओळखला. साथ शहरभर पसरली. लाखो माणसे गाठोडी उचलून गावाकडे पळाली. रोग घाणीतून उठतो, अशी त्या काळची समजूत. उंदराचा आणि पिसवेचा संबंध मागाहून उलगडला. १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले, दादर-माटुंग्याला नव्या वसाहती आखल्या. केराची योजना मात्र एकच : तो दूर नेऊन टाकायचा. महालक्ष्मीहून कचऱ्याचे डबे भरून निघत. कुर्ला-चेंबूर हा रूळ आधी केरासाठीच टाकलेला. माणसांची गाडी त्यावर १९२४ साली धावू लागली! देवनारच्या कचराभूमीचे साल १९२७ असे सांगतात.

घरातला हिशेब निराळा होता. गिरगावातल्या आमच्या चाळीत रद्दीवाला तराजू घेऊन येई. बोहारीण जुन्या कपड्यांवर भांडे देई, आणि एका वाटीसाठी आई तिच्याशी तासभर हुज्जत घाली. विटलेल्या लुगड्याची गोधडी होई, नारळाची करवंटी बंबात जाई. लालबाग-परळच्या घरांतून गिरणीच्या चिंध्याही वाया जात नसत. ही कोणा सरकारची योजना नव्हती. ओढाताणीच्या संसाराची ती शिस्त होती.

पुढे हातात पैसा खुळखुळला, प्लॅस्टिक आले आणि ती शिस्त सुटली. जानेवारी २०१६ मध्ये देवनारचा डोंगर पेटला. दिवसेंदिवस धूर निवेना. त्याच वर्षी केंद्र सरकारच्या नियमांनी घरातच ओला, सुका आणि घातक कचरा वेगळा करायला सांगितले. २०१७ साली महापालिकेने मोठ्या गृहसंस्थांना बजावले, की रोज शंभर किलोंहून अधिक कचरा होत असेल तर ओल्याची विल्हेवाट आपल्याच आवारात लावा. २०१८ साली राज्यात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली. केर दूर लोटण्यात शंभर वर्षे घालवून योजना अखेर परत आली ती आपल्याच उंबऱ्याशी!

पण नियम कागदावर असतो, केर घरात असतो. आपण उष्टे आणि फुटकी काच एकाच पिशवीत बांधली, तर ती पिशवी कोणाला तरी हाताने उलगडावी लागते. त्या हाताला काच लागते. तो हात आपल्याला दिसत नाही, एवढेच.

यंदा केरसुणीला कुंकू वाहाल, तेव्हा त्या हाताचेही स्मरण असू द्या. दोन डबे वेगळे ठेवणे, हीच त्याची पूजा.