पटावरील संख्या आणि वाटेवरचे मूल : जबलपूर ते नागपूर

मध्य प्रदेशातील जबलपूर जिल्ह्याच्या पूर्वेस कुंडम हा आदिवासीबहुल विकासखंड आहे. शेतीची कामे संपली की या पट्ट्यातील, तसेच शेजारच्या मंडला व दिंडोरी जिल्ह्यांतील अनेक कुटुंबे मजुरीसाठी बाहेर पडतात. काही सिवनीमार्गे नागपूरला बांधकामांवर येतात. सोबत मुले असतात. मूल राज्याची सीमा ओलांडते तेव्हा त्याची शालेय नोंदही ओलांडते का, हा प्रश्न दोन्ही राज्यांच्या शिक्षण विभागांसमोर आहे. केंद्र सरकार राज्यांच्या नोंद-व्यवस्थांची जी पाहणी करते, तिचे मोलही याच प्रश्नावर ठरते.

भारतात शाळांची मोजणी नवी नाही. पहिले अखिल भारतीय शालेय शिक्षण सर्वेक्षण 1957 साली झाले. पुढे ही सर्वेक्षणे 'एनसीईआरटी'ने केली. सातव्या सर्वेक्षणाची संदर्भ तारीख 30 सप्टेंबर 2002 होती, तर आठव्याची 30 सप्टेंबर 2009. त्या दिवशी पटावर किती मुले आहेत, एवढेच त्यातून कळे. गेल्या वर्षी पहिलीत असलेले मूल यंदा दुसरीत आले की शाळा सोडून गेले, हे कळण्याचा मार्ग नव्हता.

जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमासोबत 1994-95 मध्ये 'डाइस' ही संगणकीय माहिती प्रणाली आली. प्रारंभी सात राज्यांतील 42 जिल्हे तिच्या कक्षेत होते. या सात राज्यांत महाराष्ट्र व मध्य प्रदेश दोन्ही होते. 2012-13 पासून पहिली ते बारावीसाठी 'यू-डाइस' ही एकच प्रणाली झाली आणि प्रत्येक शाळेस 11 अंकी क्रमांक मिळाला. क्रमांक शाळेला होता, मुलाला नव्हता.

मध्य प्रदेशाने याआधी एक वेगळा प्रयोग केला होता. 1996 च्या 'लोक संपर्क अभियाना'त शाळेच्या पटाऐवजी घराच्या उंबरठ्यावरून मोजणी सुरू झाली. कोणते मूल शाळेत जात नाही, याची नावानिशी नोंद 'ग्राम शिक्षा पंजी'त करण्यात आली. त्या पाहणीच्या आधारे 1 जानेवारी 1997 पासून शिक्षण हमी योजना राबविण्यात आली. एक किलोमीटरच्या आत शाळा नसेल आणि गावात अशी 40 मुले असतील (आदिवासी भागात 25), तर गावाच्या मागणीनंतर 90 दिवसांत शिक्षक देण्याची हमी तीत होती. कागदी वही असली, तरी ती मुलाच्या नावाने लिहिली जात होती, हे विशेष.

महाराष्ट्राला पटावरील आकड्याचा फोलपणा 2011 मध्ये कळला. नांदेड जिल्ह्यातील तपासणीत पट व हजेरी यांत मोठी तफावत आढळली. त्यानंतर 3 ते 5 ऑक्टोबर 2011 या काळात राज्यभर पट पडताळणी करण्यात आली. एकच मूल दोन शाळांत मोजले जाऊ नये म्हणून विद्यार्थ्यांच्या बोटाला शाई लावण्यात आली. सुमारे 20 लाख विद्यार्थी केवळ कागदावर असल्याचे त्या वेळी सांगण्यात आले. शिक्षकांची पदे, अनुदान, पोषण आहार हे सारे पटावर ठरते. त्यामुळे पट लिहिणाऱ्याचाच आकडा वाढण्यात लाभ होता. 2015 मध्ये राज्याने 'सरल' प्रणाली आणून प्रत्येक विद्यार्थ्यास स्वतंत्र क्रमांक दिला.

मध्य प्रदेशात हेच काम 'समग्र' क्रमांकावर उभे राहिले. कुटुंबास आठ अंकी व प्रत्येक सदस्यास नऊ अंकी क्रमांक देण्यात येतो आणि राज्याचे शिक्षण पोर्टल विद्यार्थ्यास त्याच क्रमांकाने ओळखते. शिष्यवृत्तीही त्याच आधारे मिळते. मात्र 'समग्र' मध्य प्रदेशातील रहिवाशाचा क्रमांक आहे आणि 'सरल' महाराष्ट्रातील विद्यार्थ्याचा. कुंडमचे मूल नागपूरच्या शाळेत आले, की तेथील नोंदवहीत ते नवे मूल ठरण्याची शक्यता असते.

केंद्राने 2016-17 मध्ये विद्यार्थीनिहाय माहिती गोळा करण्याचा पहिला मोठा प्रयत्न केला. 2018-19 पासून 'यू-डाइस प्लस' आले आणि 2022-23 पासून प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद घेण्यास प्रारंभ झाला. 2021-22 मध्ये देशाची पटसंख्या सुमारे 26.5 कोटी होती. पद्धत बदलताच 2022-23 मध्ये ती सुमारे 25.2 कोटींवर आली, तर 2023-24 मध्ये 24.8 कोटी झाली. जुन्या व नव्या आकड्यांची सरळ तुलना करता येत नाही, असे शिक्षण मंत्रालयाने स्पष्ट केले. यांतील किती मुले शाळेबाहेर गेली आणि किती मुळातच दुबार लिहिलेली होती, याची फोड केवळ एकूण आकड्यावरून होत नाही.

राज्यांची व्यवस्था किती सक्षम आहे, हे केंद्र 'कामगिरी श्रेणी निर्देशांका'द्वारे पाहते. 2017-18 च्या पहिल्या निर्देशांकात 70 निकष व 1000 गुण होते. त्यांपैकी 360 गुण प्रशासकीय प्रक्रियेला होते आणि किती विद्यार्थ्यांचा विशिष्ट क्रमांक नोंदीशी जोडला गेला, हाही त्यातला एक निकष होता. 2021-22 च्या सुधारित आवृत्तीत प्रशासनाचा वाटा 130 गुणांवर आला. त्या वर्षी 'दक्ष' ही सर्वोच्च श्रेणी एकाही राज्यास मिळाली नाही. या पाहणीची मर्यादा उघड आहे. क्रमांक भरला गेला की गुण मिळतात. तो क्रमांक मुलाबरोबर पुढच्या शाळेत पोहोचला की नाही, हे त्या गुणांत दिसत नाही. शिवाय बरीचशी माहिती राज्यांनी स्वतःच भरलेली असते.

दोन राज्यांमधील दुवा म्हणून 'यू-डाइस प्लस'चा 'पेन' हा कायम शिक्षण क्रमांक आहे. मूल शाळा सोडून गेल्याची नोंद झाली की त्याचे नाव 'ड्रॉपबॉक्स' या यादीत जाते. नवी शाळा क्रमांकाच्या आधारे ते तेथून उचलते. कोणी उचलले नाही, तर नाव तेथेच राहते. ते मूल कामाला लागले, की बांधकामाजवळच्या शाळेत नव्या नावाने बसते आहे, हे संगणक सांगू शकत नाही. त्यासाठी शिक्षकाला घरी जावे लागते. मध्य प्रदेशात ते काम बहुधा जनशिक्षकाच्या वाट्याला येते.

नावाचा प्रश्नही लहान नाही. महाराष्ट्रात पटावर मुलाचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव अशी रीत आहे. जबलपूरकडे अनेकदा केवळ नाव व आडनाव असते. 'आधार'वरील नाव यांहून निराळे निघाले, तर जुळवणी अडते. 'अपार' हा 12 अंकी क्रमांक याच जुळवणीवर अवलंबून आहे आणि तो देण्यापूर्वी पालकांची संमती घ्यावी लागते. आधार नाही म्हणून कोणत्याही मुलाचा लाभ नाकारता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 26 सप्टेंबर 2018 च्या निकालात म्हटले आहे.

1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने स्थानिक प्राधिकरणावर दोन कर्तव्ये टाकली आहेत : आपल्या क्षेत्रातील 14 वर्षांपर्यंतच्या मुलांची नोंद ठेवणे आणि स्थलांतरित कुटुंबांतील मुलांना प्रवेश मिळवून देणे. शाळा सोडल्याचा दाखला येण्यास विलंब झाला, तरी त्या कारणाने शासकीय वा अनुदानित शाळेस प्रवेश रोखता येत नाही. नागपूरला आलेल्या कुंडमच्या पालकांजवळ 'समग्र' क्रमांक, 'पेन' किंवा दाखला यांपैकी काहीही नसले, तरी मुलाला वर्गात बसविणे मुख्याध्यापकांवर बंधनकारक आहे. नोंदींची जुळवणी नंतर करता येते.